नव्वदला हँडल मारायचं थांबलं: ३९० ड्यूकवर स्टीअरिंग डँपर, अकरा महिन्यांनंतर

स्टीअरिंग डँपर म्हणजे हँडलला बसणारे झटके तेलाच्या विरोधाने अडवणारी नळी आणि दांडा. त्याचा खर्च आधी सांगते, कारण विचारणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. वापरलेला ओहलिन्सचा डँपर १४,००० रुपये. त्याचे सील आणि तेल बदलायला १,८००. भोसरीत करून घेतलेल्या दोन ब्रॅकेटांचे २,२००. नवीन कोन सेट, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं, मजुरीसकट १,६५०. आणि या सगळ्याच्या आधी एक स्वस्तातला डँपर घेऊन बसले होते, त्याचे २,८०० वाया गेले, तेही धरायलाच हवेत. एकूण २२,४५०.

यातला सगळ्यात जास्त गुण कशाचा आला, तर त्या १,६५० रुपयांच्या कोन सेटचा. डँपरचा नंबर त्याच्यानंतर. तरीही डँपर काढून विकतेस का म्हणून कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट सांगायचंय.

गाडी २०१८ ची केटीएम ३९० ड्यूक, ३७३ सीसी, इथेच चाकणला बनलेली. मी राहते चिंचवडला, काम टूलरूममध्ये तपासणीचं, सतरा वर्षं झाली. हातात दिवसभर व्हर्नियर आणि डायल, बारीक मापं घ्यायची साधनं. आई-अण्णा कराडला असतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा पुणे-कराड-पुणे, जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर होतात. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे आपल्यासारख्यांचा वेगाचा सगळा अनुभव असल्या महामार्गांवरचाच: पुलांचे सांधे, अर्धं डांबर अर्धं काँक्रीट, मध्येच वळवलेला सेवा रस्ता. डँपर कसा वाटला हे त्या रस्त्यावरच ठरतं, म्हणून एवढं आधी.

गोष्ट मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरची. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. कराडहून परत येताना साताऱ्याच्या पुढे एक उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, डावी लेन धरून चाललेला. मी उजवीकडून काढायला घेतलं, तिसऱ्या गिअरमध्ये दाबून. काटा नव्वदच्या आसपास. शेवटच्या ट्रॉलीच्या बरोबरीला असताना पुलाचा सांधा आला, पुढचं चाक त्यावरून उडाल्यासारखं झालं, आणि खाली टेकलं ते वाकडं. हँडलने एकदा डावीकडे मारलं, मग उजवीकडे, आणि मग मोजता येणार नाही इतक्या वेगाने डावी-उजवी, डावी-उजवी. आरशात फक्त धूसर पट्टा दिसत होता. हात मुठीवर होते, पण मुठी माझ्या हातात नव्हत्या.

ब्रेक दाबला नाही, ही एकच गोष्ट मी तेव्हा बरोबर केली. गुडघ्यांनी टाकी आवळली, छाती पुढे टाकली, कोपरं सैल सोडली आणि अॅक्सिलरेटर हळूच उतरवला. दोन-तीन सेकंदांत थांबलं. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची वाढी माझ्या डाव्या हाताला हातभर अंतरावर होती, हे मला पुढच्या ढाब्यावर गाडी लावल्यावर आठवलं. चहा सांगितला तर कप उचलता येईना.

घरी आल्यावर त्याच रात्री मी डँपर शोधायला बसले. इथे माझं चुकलं, आणि बहुतेक सगळ्यांचं इथेच चुकतं. हँडल हललं म्हणजे हँडलला काहीतरी लावायचं, असं डोक्यात येतं. पण सांध्यावर चाक उडणं हे निमित्त होतं. रोज हजारो गाड्या त्या सांध्यावरून जातात. माझीच का हलली, हे आधी बघायला हवं होतं. ते मी बघितलं ते दीड आठवड्याने, २,८०० रुपये घालवून झाल्यावर.

तर तो स्वस्त डँपर. ऑनलाइन मागवलेला, निळ्या अॅनोडायझिंगचा, दिसायला सुंदर, सोबत 'सगळ्या गाड्यांना बसणारे' क्लँप. लावला, हँडल जड झालं, मनाला बरं वाटलं. पण कात्रजच्या नव्या बोगद्याच्या पुढे रस्ता खराब लागला की हँडलमध्ये पूर्वीची ती बारीक थरथर आहे तशीच. शेवटी तो काढून कंपनीत नेला, जेवणाच्या सुट्टीत व्हाइसमध्ये धरला आणि दांड्याला डायल लावला. दांडा हलवायला सुरुवात केल्यावर पहिले १.२ मिमी काही विरोधच नाही. थोडा ढिलेपणा टोकाच्या गोळ्यात (बॉल जॉइंटमध्ये), थोडी आतल्या तेलात अडकलेली हवा. त्यानंतर एकदम कडक.

१.२ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशोब करून बघा. डँपर जिथे पकडतो तो बिंदू हँडलच्या मधल्या नटापासून ५५ मिमी लांब असेल, तर हँडल एक अंश फिरल्यावर दांडा जेमतेम ०.९६ मिमी सरकतो. म्हणजे १.२ मिमीच्या ढिलाईत हँडल सव्वा अंश मोकळं. मुठीपाशी, मध्यापासून ३७० मिमीवर, एक अंश म्हणजे साडेसहा मिमी. आणि वॉबल, म्हणजे हँडलची ती फडफड, जन्माला येतो तो याच एक-दोन अंशांत. जिथे अडवायला हवं तिथे हा डँपर झोपलेला, आणि पार्किंगमध्ये गाडी वळवताना, जिथे त्याची गरज नाही, तिथे हा कडक. तीन आठवडे कपाटात पडून राहिला तेवढ्यात दांड्याच्या कडेला तेलाचा ओघळही आला. नाव लिहीत नाही. त्याच साच्यातला माल पाच-सहा नावांनी विकायला आहे, नाव सांगून उपयोग नाही.

मग एका रविवारी सकाळी गाडीच तपासायला घेतली. मागे पॅडॉक स्टँड, पुढे इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक, पुढचं चाक अधांतरी. खाली बसून शॉकअपचे दोन्ही पाय धरले आणि पुढे-मागे ओढले. टक्. अगदी बारीक, कानापेक्षा तळहाताला जास्त कळणारा. मग उभी राहून एका बोटाने हँडल हळू फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधोमध आलं की ते आपोआप थांबायचं, खाचेत बसल्यासारखं. तिथून हलवायला बोटाला जरा जास्त जोर लागायचा. एवढ्यावरून कळलं. तीन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात पुढच्या शॉकअपचे ऑइल सील बदलले होते. कोनचा नट त्यांनी सैल ठेवला, आणि त्या ढिलाईत खड्ड्यांचे हादरे खाऊन छर्‍यांनी वाट्यांना ठसे पाडले. खोलल्यावर खालच्या वाटीत ते ठसे ओळीने दिसले, पाण्यात थेंब पडावेत तसे गोल. नख फिरवलं की अडकत होतं.

बाकीही होतंच. पुढच्या चाकात हवा पाच पीएसआयने कमी. टायर मध्यभागी सपाट झालेला, महामार्गावरच चालवलं की होतो तसा. आणि त्या दिवशी मागच्या टॉपबॉक्समध्ये आईने दिलेलं ओझं: पाच किलो तांदूळ, दोन किलो गूळ, काकवीची बाटली. टॉपबॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकतो. तिथे आठ-नऊ किलो ठेवले की तरफेसारखं पुढचं चाक हलकं होतं. त्यात तिसऱ्यात दाबलेली गाडी, म्हणजे पुढचं चाक आणखी हलकं. हलकं चाक, ढिला कोन, कमी हवा. सांध्याने फक्त काडी लावली.

कोन सेट बदलला, नट टॉर्क रेंचने आवळला, टायर बदलून चाक बॅलन्स केलं, टॉपबॉक्स कायमचा उतरवला. आता सामान टाकीवरच्या बॅगेत आणि पाठीवर. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश आणि चाकाची बेअरिंगं तपासली, ती ठीक होती. त्यानंतर हजारेक किलोमीटर झाले, तसला वॉबल परत आला नाही. तुमची गाडी हलत असेल तर डँपरवर एक रुपयाही घालण्याआधी एवढं करा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. ढिल्या कोनवर डँपर लावला तर तो हादरा झाकतो, दोष तिथेच वाढत राहतो, आणि ज्या दिवशी डँपरचं तेल संपतं त्या दिवशी सगळा हिशोब एकदम चुकता होतो.

मग डँपर घेतलाच कशाला? कारण थोडंसं उरलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावलेला असताना सांधा किंवा उंचवटा आला की हँडल दोन-तीन ठोके द्यायचं आणि शांत व्हायचं. हा दोष नव्हे. वजनाला हलकी, चाकांमधलं अंतर कमी, हँडल चटकन वळणारं, जोर भरपूर, अशा गाडीचा तो स्वभाव आहे, आणि त्याच चपळपणासाठी आपण ती घेतो. पण माझा त्या नोव्हेंबरनंतर धीर सुटला होता. दोन ठोके बसले तरी हात आपोआप मुठी आवळायचे, आणि आवळलेले हात वॉबल वाढवू शकतात. ते हात सैल व्हायला मला काहीतरी हवं होतं.

डँपर नक्की काय करतो हे समजून घेतलं तर अपेक्षा जागेवर राहतात. गाडीच्या अस्थिरतेच्या दोन तऱ्हा असतात. एक वॉबल: फक्त पुढचं चाक आणि हँडल फडफडतं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दुसरी वीव्ह: अख्खी गाडी, मागच्या चाकासकट, नागासारखी वळवळते, सेकंदाला दोन-चार वेळा, आणि ती सहसा बऱ्याच वरच्या वेगात. रॉबिन शार्प या इंग्रज संशोधकाने १९७१ साली या दोन्हींचं गणित मांडलं, आणि त्यातच हेही निघालं की हँडलला डँपर लावला की वॉबल आटोक्यात येतो, पण वीव्ह मात्र बिघडू शकते. म्हणून 'जितका कडक तितका सुरक्षित' हे खरं नाही. माझा वीव्हचा वेग गाठण्याचा प्रश्नच येत नाही, पण कडक डँपरचा त्रास मी कमी वेगातही भोगला, तो पुढे सांगते.

ओहलिन्स ही १९७६ सालची स्वीडिश कंपनी, रेसिंगमध्ये तिचे सोनेरी शॉकअप सगळ्यांनी पाहिलेले असतात. नवीन डँपर माझ्या बजेटच्या बाहेर होता. मला मिळाला तो एका मोठ्या गाडीवरून उतरवलेला, त्या मालकाने गाडी विकताना वेगळा काढलेला. वापरलेला घेताना मी तीन गोष्टी बघितल्या, तुम्हीही बघा. दांड्यावर नख फिरवून ओरखडा आहे का ते. दोन्ही टोकांच्या गोळ्यांत ढिलाई आहे का ते, डोळ्यांनी नव्हे, एक बाजू घट्ट धरून. आणि दांडा हळूहळू आत-बाहेर करताना कुठे मध्येच हलका पडतो का ते. हलका पडला तर आत हवा आहे. माझ्या डँपरात जराशी होती, म्हणून सील आणि तेल बदलून घेतलं.

या डँपरचा दांडा नळीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. त्यामुळे तो कुठेही असला तरी आत तेलाला जागा तेवढीच राहते, आणि डावीकडे वळताना जेवढा विरोध तेवढाच उजवीकडे. मध्ये पिस्टन, त्यातल्या बारीक वाटेने तेल या बाजूचं त्या बाजूला जातं. हळू ढकललं तर तेलाला वेळ मिळतो, ते मुकाट जातं. झटका दिला तर वाट पुरत नाही, तेल अडतं. सारी करामत एवढीच. सुधारून आल्यावर याला डायल लावला. ढिलाई अशी म्हणून सापडलीच नाही. दांडा हलला की विरोध लगेच, अगदी सुरुवातीपासून. हा फरक मला १४,००० देताना पटला नव्हता, डायलवर पटला.

आता बसवणं. माझ्या गाडीला तयार ब्रॅकेट मिळालं नाही, आणि खरं सांगते, या कामात सगळ्यात जास्त जीव इथेच ओतावा लागला. भोसरीत एमआयडीसीमध्ये एक लेथवाले काका आहेत, आमच्या कंपनीचं सुटं काम करतात. त्यांना मी आधी पुठ्ठ्याचे नमुने करून नेले. एक पट्टी हँडलच्या क्लँपखालच्या दोन बोल्टांत धरलेली, तिचा हात मध्यापासून ५५ मिमी पुढे येतो. दुसरी टाकीच्या पुढच्या बोल्टावर, चॅसिसच्या बाजूची. "ताई, चॅसिसला एक छोटा टाका मारू का वेल्डिंगचा, कायमचं होऊन जाईल," काका म्हणाले. नको म्हटलं. चॅसिसला वेल्डिंग नाही, भोक नाही, उद्या सगळं उतरवलं तर गाडी होती तशी हवी. काकांनी मान डोलवली आणि १० मिमी अॅल्युमिनियमची पट्टी काढली.

हिशोब असा. माझ्या गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना साधारण ३२ अंश वळतं. ५५ मिमीच्या हातावर दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ५८ मिमी सरकतो. डँपरचा एकूण प्रवास ६८ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना पाचेक मिमी शिल्लक. ही शिल्लक हवीच. हँडल पूर्ण वळलं की गाडीचा स्वतःचा अडसर आधी टेकला पाहिजे, डँपर नव्हे. डँपरच अडसर झाला तर पार्किंगमध्ये गाडी पडली तरी दांडा वाकेल, आणि त्याहून वाईट म्हणजे चालत्या गाडीत हँडल लवकर अडेल. हँडल सरळ असताना दांडा बरोबर मधोमध आणि हाताशी काटकोनात हवा, नाहीतर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी वागणूक मिळते. मी हँडल सरळ धरून दांड्याच्या दोन्ही बाजू मोजल्या तेव्हा ३ मिमीचा फरक आला. काकांनी पट्टीचं भोक लांबोळं केलं आणि तो फरक काढला. या एका कामाला पाऊण तास गेला, आणि तो त्यांनी कुरकुर न करता दिला. बिलातही धरला नाही.

बोल्ट आवळल्यावर हँडल दोन्ही टोकांना नेऊन क्लचची केबल, हॉर्नची वायर, ब्रेकचा पाइप, टाकीची कड, सगळीकडे बोट घालून बघितलं. टाकीपाशी सगळ्यात अरुंद जागा ८ मिमी. एक गोष्ट मात्र रस्त्यावर आल्यावर कळली: किल्ली. डँपर किल्लीच्या बरोबर वरून जातो, आणि माझ्या किल्लीला होता लांब कापडी पट्टा. तो पहिल्याच दिवशी पट्टीत अडकला. आता नुसती किल्ली, पट्टा नाही. तुम्ही लावणार असाल तर हे आधीच करा, ही छोटी गोष्ट नाही.

सेटिंगचं सांगायचं तर त्याआधी अण्णांच्या जावाबद्दल सांगावं लागेल. म्हैसूरला बनलेली २५० ची जावा, अण्णांनी १९७८ साली वापरलेली घेतली होती. तिच्या हँडलच्या बरोबर मध्यावर एक काळा नॉब होता. लहानपणी मला टाकीवर बसवलं की मी तोच फिरवत बसायची. तो स्टीअरिंग डँपरच होता, पण घर्षणाचा: नॉब आवळला की खालच्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जायच्या आणि हँडल जड व्हायचं. अण्णा कच्च्या रस्त्यावर शेताकडे वळताना दोन पीळ द्यायचे आणि पुन्हा डांबरावर आले की सोडून द्यायचे. न चुकता, दर वेळी. म्हणजे हे काही सुपरबाइकवाल्यांनी काढलेलं नवं खूळ नव्हे, आपल्याकडे गावोगाव होतं. मोठ्या गाड्यांत पुढे ते फारच प्रगत झालं; होंडाने २००४ च्या सीबीआर १०००आरआरला इलेक्ट्रॉनिक डँपर दिला, जो कमी वेगात सैल राहतो आणि वेग वाढला की आपोआप कडक होतो. माझ्याकडे ते काम अण्णांसारखं हातानेच करायचं.

डँपरवर कडकपणा ठरवणारा नॉब आहे, तो एकेका क्लिकने फिरतो. पहिल्या आठवड्यात मी तो मोकळ्यापासून बारा क्लिक आवळून ठेवला होता. धीर सुटलेला माणूस जास्तच आवळतो. महामार्गावर हँडल अगदी दगडासारखं, मी खूश. मग नवले पुलाजवळच्या गर्दीत शिरले. पंधरा-वीसच्या वेगात गाडी सरळच राहीना. आपल्याला कळत नाही, पण हळू चालताना आपण हँडलला सतत बारीक बारीक धक्के देऊन तोल सांभाळत असतो, आणि गाडीही स्वतःहून चाक सरळ करत असते. डँपर कडक असला की ते सगळे धक्के उशिरा पोचतात. मी डावीकडे झुकले, हँडल उशिरा आलं, मग जास्त आलं, मग उजवीकडे. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, आणि त्याचं बरोबर होतं. बाजूला थांबून नॉब चारवर आणला, आणि गाडी माझी झाली.

आता ठरलेलं असं: शहरात चार, महामार्गावर सात. खेड शिवापूरच्या पुढे पहिल्या चहाला थांबले की तीन क्लिक आवळायचे, येताना तिथेच सोडायचे. घाटात परत चार. खंबाटकी चढताना वळणावळणाला हँडल पटकन हवं असतं, तिथे सात जड वाटतात. बसवून घेतल्यावर शॉकअपची किंवा हवेची सेटिंग बदललीत तर क्लिकही पुन्हा शोधावे लागतात, हे मात्र लक्षात ठेवा.

अकरा महिन्यांत ९,४०० किलोमीटर झाले. सगळ्यात मोठा फरक मला अपेक्षा नव्हती तिथे दिसला: काँक्रीटच्या रस्त्यावर. काही ठिकाणी काँक्रीटवर लांबीच्या दिशेने बारीक चरे पाडलेले असतात, आणि पुढचं चाक त्या चऱ्यांच्या मागे मागे जायला बघतं. हँडल सतत कुणीतरी चिमटीत धरून हलवल्यासारखं वाटतं. तासभर चालवलं की मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखायचं. ते दुखणं आता जवळजवळ गेलं. कराडला उतरल्यावर पहिला अर्धा तास मी हात झटकत बसायची, आई विचारायची काय झालं. हल्ली विचारत नाही.

पुलाचे सांधे: ठोका अजूनही बसतो, पण एकच. दुसरा येत नाही. तो नोव्हेंबरचा पूल मी आता महिन्यातून दोनदा ओलांडते आणि पहिले चार-पाच महिने तिथे पोटात गोळा यायचा. एकदा पावसात, ऑगस्टमध्ये, बरोबर त्याच सांध्यावर ओव्हरटेक करताना दाबलेली होती. हँडल एकदा हललं आणि थांबलं. त्या दिवशी पुढच्या ढाब्यावर मी थांबलेच नाही.

पावसात मागचं चाक घसरलं तर डँपर काही करत नाही, खड्डा दिसला नाही तर काही करत नाही, आणि ब्रेकचं अंतर एक वीतभरही कमी करत नाही. हलक्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना मी हे कधीच सुचवणार नाही. तिथे हँडल हललं तर कोन, टायर आणि रिम आऊट आहे का एवढंच बघावं, पैसे तिथे घालावेत. ज्यांची गाडी शहराबाहेर पडत नाही त्यांनाही नको, फक्त जडपणा पदरात पडेल. ज्यांचा आठवड्याचा रस्ता माझ्यासारखा आहे, गाडी जोरकस आणि पुढून हलकी आहे, आणि मुळात निरोगी आहे, त्यांनी जरूर लावावा. पण चांगला लावावा, किंवा मग लावूच नये. मधला स्वस्त मार्ग मी मोजून पाहिलाय.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने दांडा पुसते, कारण सीलला मारक म्हणजे दांड्यावरची धूळ. दोन्ही पट्ट्यांच्या बोल्टांवर पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीय, ती तुटलेली दिसली की बोल्ट सुटला हे लगेच कळतं. आजवर दोन वेळा टाकीकडचा बोल्ट पाव पीळ सुटला होता. बोल्ट सुटू न देणारं लॉकटाइट लावल्यापासून नाही.

दिवाळीला कराडला गेले तेव्हा अण्णा अंगणात गाडीपाशी आले. वय ७६, गुडघ्यांमुळे आता ते गाडीवर बसत नाहीत. त्यांनी उभ्या उभ्याच हँडल धरलं, सावकाश डावीकडे नेलं, सावकाश उजवीकडे.

"हे तर काहीच अडवत नाही गं."

"आता झटका देऊन बघा, अण्णा."

त्यांनी दिला. हँडल तिथल्या तिथे थबकलं. त्यांनी पुन्हा हळू फिरवलं, पुन्हा झटका. मग वाकून नळीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला दांडा बघितला, नॉब बोटांनी चाचपला, आणि जावाचा फिरवायचे तसे दोन पीळ दिले. क्लिकचा आवाज आला तसे थांबले.

"तुझ्या प्रवासाला किती ठेवतेस?"

"सात."

त्यांनी मोजून सातवर आणला आणि किल्ली माझ्या हातात दिली.